चारशे चाळीसवरचा निकाल

"यंत्र खोटं बोलत नाही" हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षं लोकांच्या तोंडावर फेकत आले. शेतकरी असो, व्यापारी असो, नाहीतर खात्याचा साहेब. निकालावर कुणी कुरकुर केली की चष्मा नाकावर सरकवायचा, हे वाक्य टाकायचं आणि पुढचा नमुना हातात घ्यायचा. आता मी जरा तोंड आवरून असते. का, ते सांगते.

मी राजेश्नी लता. फिजीत, सुव्यात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची प्रयोगशाळा आहे. आमच्याकडे काय येत नाही ते विचारा. साखरेचे स्फटिक येतात, विद्यापीठातली मंडळी चांदीचे इतके बारीक कण घेऊन येतात की पाण्यात ते लिंबाच्या सरबतासारखे पिवळे दिसतात, आणि झाडपाला तर रोजचाच. या सगळ्यांना मी एकाच यंत्रासमोर उभं करते. त्याला आम्ही महाराणी म्हणतो, कारण ती सकाळी अर्धा तास गरम झाल्याशिवाय कुणाशी बोलत नाही. तिच्या पोटात दिवा आहे. त्याचा उजेड ती रंगारंगांत फोडते, हवा तो रंग काचेच्या नळीतून पार करते आणि नळीतल्या मालानं त्यातला किती गिळला ते आकड्यात सांगते. बस, एवढंच. पण एवढ्यावर माणसांची नशिबं ठरतात.

यंगोन्याचीही ठरतात. यंगोना म्हणजे ते मूळ, ज्याचं पाणी आमच्या अख्ख्या देशात संध्याकाळी करवंटीतून फिरतं. चांगल्या जातीची प्यायली की माणूस शांत होतो, झोपतो आणि सकाळी कामाला लागतो. वाईट जातीला आम्ही दोन-दिवसवाली म्हणतो, कारण ती प्यायलेला दोन दिवस ओल्या पोत्यासारखा पडून राहतो. ओळखायची रीत सोपी आहे. पूड घ्या, अ‍ॅसिटोनमध्ये हलवा, निवळू द्या. पाणी पिवळं आलं तर चांगली, नारिंगी आलं तर दोन-दिवसवाली. डोळ्यावर भांडणं होतात म्हणून महाराणीला विचारायचं. चारशे चाळीसवर, म्हणजे निळ्या-जांभळ्या उजेडात, आकडा शून्य पूर्णांक नऊच्या खाली राहिला की पास.

गेल्या ऑक्टोबरात, एका गुरुवारी, कंदावू बेटावरून सेवुलोनीबाबा आले. वय बहात्तर, उंची सहा फूट, कमरेला लुंगीसारखा इस्त्रीचा सुलू. बरोबर त्यांची बायको केलेराबाई, फुलाफुलांच्या झग्यात, हातात बिस्किटांचा डबा. आल्याआल्या म्हाताऱ्यानं रीतीप्रमाणे खाली बसून आम्हाला यंगोन्याचं एक अख्खं वाळलेलं मूळ भेट दिलं, नमुन्याच्याच झाडाचं. आमच्या फरशीवर अ‍ॅसिड सांडलेलं असतं, खुर्चीवर बसा म्हटलं, तर म्हणाले, "मरामा, पहिल्यांदा कुणाच्या घरी गेलो तर उंच बसून बोलायचं नसतं." मरामा म्हणजे बाईसाहेब. मला कुणी बाईसाहेब म्हटलं की मी तशीही विरघळते.

मग त्यांनी डबा उघडला. आत नमुना होता, पण मूळ नव्हतं, कुटलेली पूड होती.

"बाबा, आमच्या कागदावर लिहिलंय, मूळ आणा. कुटायचं आम्ही बघतो," मी म्हटलं.

"पाहुण्याला जेवायला बोलावून कोणी हातात तांदूळ देतं का? तुम्ही माझ्या यंगोन्याला तपासणार, आणि कुटायची मेहनतही तुम्हीच करणार? केलेरानं स्वतः कुटलीय. आमच्या तंबिलीत." तंबिली म्हणजे यंगोना कुटायचं लोखंडी उखळ, प्रत्येक घरात असतं.

मी पूड घेतली. नियमात बसत नव्हतं तरी घेतली, त्या दिवशी एकतीस नमुने रांगेत होते आणि माझी कंबर धरली होती.

या नमुन्यावर काय अडलं होतं तेही ऐका. वादळानं दोन बेटांवरचे मळे साफ केले होते, आणि शेतीखातं नव्या लागवडीसाठी चांगल्या जातीच्या कांड्या शोधत होतं. सेवुलोनीबाबांच्या आजोबांनी लावलेला एक पांढरा वाण त्यांच्याकडे होता. वादळानंतर उरली होती फक्त बारा झाडं. पास झाली असती तर त्यांच्या कांड्या दोन बेटांवर गेल्या असत्या, आजोबांच्या नावानं. नापास झाली तर उपटायची. हा नियम खात्याचा नव्हता, त्यांच्या गावच्या मंडळाचा होता, आणि मंडळाचे प्रमुख कोण, तर सेवुलोनीबाबा. गावात दोन-दिवसवाली नको म्हणून त्यांनीच तो केला होता: नापास झाड आठवड्याच्या आत उपटायचं आणि कांड्या जाळायच्या. मागच्या वर्षी त्यांनी आपल्या मेव्हण्याची, इसिकेलीची तीस झाडं उपटायला लावली होती.

दुपारी आकडा आला. एक पूर्णांक तीन.

नळीकडे बघितलं तेव्हा डोळा म्हणाला, अगं, हे तर पिवळं आहे. चांगलं झगझगीत पिवळं. आकडा म्हणाला, नापास. मी आकड्याचं ऐकलं.

सेवुलोनीबाबांनी कागद दोनदा वाचला. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्यांची मला सवय आहे. ते म्हणाले, "माझे आजोबा ही पिऊन पहाटे डोंगर चढायचे."

"यंत्र खोटं बोलत नाही, बाबा."

"नाही, नाही. यंत्र कशाला खोटं बोलेल." त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "शनिवारी उपटतो." केलेराबाईंनी डोळ्यांना पदरासारखा झग्याचा कोपरा लावला, आणि दोघं संध्याकाळची बोट पकडायला गेली. मला वाईट वाटलं, खोटं का बोलू, पण वाईट वाटल्यानं आकडा खाली येत नाही, असं स्वतःला सांगून मी हात धुतले.

भेटीचं मूळ मी घरी नेलं. आता नापास झाडाचं मूळ घरी कशाला न्यायचं, असं तुम्ही विचाराल. नेलं, कारण भेट टाकून देता येत नाही, आणि आमच्या घरात विजेंद्र आहे. विजेंद्र माझा नवरा. बस चालवतो आणि यंगोना बघितली की त्याला धीर धरवत नाही. मी बजावलं, "हात लावू नकोस, दोन-दिवसवाली आहे." शनिवारी मी बहिणीकडे गेले आणि यानं दोन मित्र बोलावून अर्धं मूळ संपवलं.

रविवारी सकाळी मी ठरवून उठले की याला आज चांगला फैलावर घ्यायचा. बघते तर हा बाहेर. गवत कापून झालेलं, मिरचीला पाणी घालून झालेलं, आणि शिट्टी वाजवत माझ्यासाठी चहा ठेवलेला. एकतीस वर्षांच्या संसारात या माणसानं रविवारी गवत कापलेलं मी पाहिलं नव्हतं.

"किती प्यायलास?"

"पंधरा-सोळा करवंट्या असतील."

"मग पडला का नाहीस?"

"अगं, पडू म्हणतेस की उठू म्हणतेस? इतकी वर्षं उठत नाही म्हणून बोलतेस, आज उठलो तर त्यावरही बोलतेस." मग म्हणाला, "राजो, फार छान होती गं. दोन-दिवसवाली मी ओळखत नाही का? माझा भाऊ तीच विकतो."

मी चहा तसाच टाकून उरलेलं मूळ पिशवीत बांधलं.

सोमवारी महाराणी गरम होईपर्यंत मी नुसती फेऱ्या मारत होते. मूळ आमच्या स्वच्छ यंत्रात दळलं, अ‍ॅसिटोन घातलं, नळी ठेवली. शून्य पूर्णांक सहा. पास, आणि तेही दिमाखात. मग डब्यातल्या पुडीची नळी पुन्हा लावली. एक पूर्णांक तीन. झाड एकच, आकडे दोन. कुणीतरी खोटं बोलत होतं, आणि ते यंत्र नव्हतं.

घाईच्या दिवसांत आम्ही एकाच रंगावर मोजतो. त्या दिवशी मी दोन्ही नळ्यांना सगळे रंग एकामागून एक दाखवले आणि दोन आलेख एकावर एक काढले. खालची रेघ यंगोन्याची, शहाण्यासारखी उतरत गेलेली. वरची रेघही तशीच, फक्त सव्वाचारशेच्या आसपास तिला एक गुबगुबीत टेकाड आलेलं. ते टेकाड माझ्या ओळखीचं होतं. गेली कित्येक वर्षं परदेशी जाणाऱ्या मालात मी तेच मोजते. तरी खात्री म्हणून नोटा तपासायचा जांभळा दिवा आणला, खोलीत अंधार केला आणि पुडीच्या नळीवर धरला. नळी हिरवट चमकली.

हळद.

मी स्टुलावर बसले. आमची आजी-पणजी उसाच्या मळ्यात कामाला या बेटांवर आली, येताना लुगडी जीर्ण झाली पण फोडणीतली हळद सुटली नाही. मी स्वतः रोज डाळीत घालते. आणि तीच माझ्या नळीत समोर उभी राहिली तर मी तिला दोन-दिवसवाली म्हणून बाहेर काढली. लाज वाटली, खरी लाज.

सेवुलोनीबाबांच्या गावात फोन फक्त चर्चच्या पायरीवर लागतो, आणि तो असतो गावप्रमुखाकडे. गावप्रमुख म्हणजे तोच मेव्हणा, इसिकेली. सेवुलोनी आणि तो एकमेकांचे तवाले. त्या नात्यात एकमेकांची टर उडवणं हक्काचं असतं, न उडवली तर लोक विचारतात, भांडलात का.

"मी राजेश्नी बोलतेय, सुव्याच्या प्रयोगशाळेतून."

"बोला, मरामा. आता कुणाचं उपटायचं?"

"कुणाचंच नाही. सेवुलोनीबाबांना सांगा, थांबा. झाडांना हात लावू नका."

फोनवर मागे कोंबडा आरवला. मग इसिकेली म्हणाला, "शनिवारीच उपटली. बाराच्या बारा. पहार मीच धरली होती."

मी म्हटलं, "केलेराबाईंना बोलवा."

त्या आल्या, आणि आवाजावरून अर्धं गाव त्यांच्यामागे आलं होतं. मी विचारलं, "बाई, त्या दिवशी तंबिलीत काय कुटलंत?"

"यंगोना."

"त्याच्या आधी?"

मागून बायकांची खुसखुस. मग केलेराबाई हळूच म्हणाल्या, "पणतू झाला ना, मरामा. बाळाला आणि बाळंतिणीला तेलातून लावायला रेरेंगा नको का? आम्हा बायकांचं उखळ वादळात गेलं. पुरुषांची तंबिली नुसती पडली होती. पण मी तीनदा धुतली, चांगली समुद्राच्या पाण्यानं."

रेरेंगा म्हणजे हळदच. मी कपाळाला हात लावला. "बाई, पाण्यानं हळद जाते होय? माझ्या सासूच्या पांढऱ्या साडीवर लग्नातला डाग पडला होता, सासू गेली तरी डाग आहे."

मागे कुणी पुरुष जोरात म्हणाला, "आमच्या तंबिलीत?" आणि बायका मोठ्यानं हसल्या. केलेराबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना कळलं होतं. "म्हणजे माझ्यामुळे गेली झाडं?"

"तुमच्यामुळे नाही. माझ्यामुळे. बघायचं काम माझं होतं."

इसिकेलीनं फोन परत घेतला. "मरामा, कागद घेऊन या. सहीशिक्क्याचा. आणि लवकर या."

"आता कागद घेऊन काय करू? झाडं गेली."

"तुम्ही या तर," म्हणाला आणि ठेवून दिला.

मग मी आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेले. साहेबांनी दोन्ही आलेख पाहिले आणि मान हलवली. "गुरुवारी नापास, सोमवारी पास? पी हळद आणि हो गोरी असं आपल्या कामात चालत नाही, राजेश्नी."

"साहेब, हळदीचं नाव आज माझ्यासमोर काढू नका," मी म्हटलं. त्यांना वाटलं मी रुसले. मग सगळं सांगितलं, उरलेल्या मुळाचे आणखी तीन नमुने त्यांच्यासमोर लावले, तिन्ही शून्य पूर्णांक सहाच्या आसपास आले, तेव्हा त्यांनी पेन उघडलं.

मी विजेंद्रला बरोबर घेतलं. माफी मागायची तर यंगोना पुढे ठेवून मागायची, आणि ती आपल्या वतीनं कुणी दुसऱ्यानं बोलायची. विजेंद्रची फिजी भाषा माझ्याहून गोड आहे, आणि त्यालाही त्या मुळाचं ऋण होतं. बाजारातून मूळ घेतलं, आधी महाराणीला दाखवलं, मग बांधलं. विजेंद्र म्हणाला, "माफीसुद्धा तपासून नेणारी पहिलीच बाई तू."

बोटीवर मी एक घास खाल्ला नाही.

गावात पोचलो तर सेवुलोनीबाबांनी आधी मळा दाखवला. बारा खड्डे, ओळीत, कडा अजून ओल्या. शेजारी जळून गेलेल्या ढिगाची राख. मी त्या राखेकडे बघू शकले नाही.

घरात चटईवर सगळे जमले. विजेंद्रनं मूळ दोन्ही हातांत धरून मान खाली घातली आणि माझ्या वतीनं बोलला: आमच्या हातून चूक झाली, आम्ही घाई केली, डोळ्यानं दाखवलं ते पाहिलं नाही, तुमच्या आजोबांच्या झाडांचा आम्ही अपमान केला. माणूस बस चालवतो, पण इतकं नीट बोलला की मला रडू आलं.

सेवुलोनीबाबांनी तीन टाळ्या वाजवून मूळ स्वीकारलं. "माफी झाली," ते म्हणाले. "आता कुणी यावर बोलायचं नाही. नियम मी केला होता. इसिकेलीची तीस झाडं मी उपटायला लावली. माझी ठेवली असती तर त्याच्याबरोबर एका चटईवर कसा बसलो असतो?" इथपर्यंत आवाज ठीक होता. मग म्हणाले, "फक्त वर गेल्यावर आजोबांना काय सांगू, ते मला सुचत नाही." केलेराबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, त्यांचे खांदे हलत होते.

इसिकेली उठला. "मरामा, कागद आणलात?"

मी दिला. त्यानं तो उभ्यानं वाचला, शिक्क्यावर बोट फिरवलं आणि बाहेर गेला. परत आला तो एकचाकी हातगाडी ढकलत, थेट दारापर्यंत. गाडीवर नारळाच्या ओल्या झावळ्या. त्यानं त्या बाजूला केल्या.

आत यंगोन्याच्या कांड्या होत्या. गाडी भरून. पेरापेराशी तांदळाएवढे हिरवे कोंब फुटलेले.

सेवुलोनीबाबा उठून दारात आले. "मग जाळलं काय?"

"कसावाचे दांडे," इसिकेली म्हणाला. "ओढ्याकाठी लपवल्या होत्या या. रोज पाणी मारत होतो."

"मी जाळायला सांगितलं होतं. तू नियम मोडलास."

"मोडला. माझी झाडं गेली तेव्हा ती वाईटच होती, मला पिऊन दोन-दोन दिवस उठवत नव्हतं. पण तुझी मी पंधराव्या वर्षापासून पितोय. कागदापेक्षा माझं पोट जुनं आहे. म्हटलं, कागद एक दिवस शुद्धीवर येईल. नाही आला तर या जाळायला मला काय, एक काडी पुरते."

"दंड होईल. एक डुक्कर."

"देतो. तुझ्याच पणतवाच्या जेवणाला देतो. आधी या मोज."

सेवुलोनीबाबांनी एक कांडी उचलली. नखानं जराशी साल काढली, नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग म्हणाले, "कसावा जळल्याचा वास वेगळा असतो. मी त्या ढिगाशेजारी उभा होतो. मला कसा कळला नाही? नाक कुठे गेलं होतं माझं?"

"रडून चोंदलं होतं," इसिकेली म्हणाला.

आधी केलेराबाई हसल्या, भिंतीकडे तोंड करूनच. मग सगळं घर हसलं, विजेंद्र तर चटईवर आडवा झाला. सेवुलोनीबाबांनी कांडी खाली ठेवली नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी इसिकेलीचा खांदा धरला, काहीतरी टोमणा मारायला तोंड उघडलं, आणि त्यांना बोलताच येईना.